एकसरचे वीरगळ : प्रयोजन आणि प्रसंग

बोरिवली पश्चिमेच्या इमारतींमधून एकसर गावात शिरले, की जुन्या कोरीव शिळा दिसतात. ग्रामस्थ त्यांना देव मानून पूजतात. पण त्या मुळात घडवल्या गेल्या कशासाठी?

१८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये येथील सहा शिळांचे वर्णन आहे. प्रयोजनाचे उत्तर मात्र शिळेवरच कोरलेले आहे; फक्त ती खालून वर वाचावी लागते. तळाशी युद्ध, त्यावर अप्सरांसह वीराचे स्वर्गारोहण, त्याहून वर शिवलिंगाची पूजा. हा क्रम वीरगळाचा, म्हणजे रणात पडलेल्याच्या स्मारकाचा. देशावरच्या कित्येक वीरगळांवर गुरे राखताना पडलेला वीर दिसतो. एकसरला मात्र डोलकाठ्यांची, वल्ह्यांची जहाजे आहेत.

हे दर्यायुद्ध कोणते? इ.स. १२६५ च्या सुमारास यादव महादेवाने शिलाहार सोमेश्वराचा पराभव केला. सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचे हेमाद्रीने नोंदवले आहे. अनेक अभ्यासक या शिळा त्या प्रसंगाशी जोडतात. काही त्यांना अकराव्या शतकापर्यंत मागे नेतात.

येथे दोन प्रश्नांची गल्लत टाळली पाहिजे. प्रयोजन रूपबंधातून सिद्ध होते. प्रसंग हा तर्क आहे. कृती वाचताना आपणही अनेकदा प्रसंगालाच अर्थ समजतो. शिवाय राजाचे नाव सांगायला हेमाद्री आहे. त्या जहाजांवर लढून पडलेल्यांपाशी या शिळांखेरीज दुसरे काय आहे?