पावती, मनीऑर्डर आणि कलम बारा

मागच्या वेळी आपण १९१८च्या युद्धकालीन भाडेकायद्यापाशी थांबलो होतो. आज १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा घेऊ. तो लागू झाला १३ फेब्रुवारी १९४८ला. फाळणीनंतर माणसं शहरात येत होती आणि घरं अपुरी होती. भाडं सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवलं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. आम्हाला मात्र या कायद्याचा जीव बाराव्या कलमात दिसतो.

१८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचा हिशेब सरळ होता. महिन्याच्या भाडेकरूला मालकाने १५ दिवसांची नोटीस द्यायची, मुदत संपली की त्याचा हक्क संपला. बाराव्या कलमाने म्हटलं, भाडेकरू प्रमाणभाडं देतोय किंवा द्यायला तयार आहे, तोवर मालकाला ताबा मिळणार नाही. 'द्यायला तयार' हे शब्द महत्त्वाचे. कारण काही मालक भाडं घ्यायचंच बंद करत. मेहता चाळीत फिरकत नसे, पावती मिळत नसे आणि सहा महिन्यांनी थकबाकीचा दावा लागे. मग भाडेकरू मनीऑर्डर करी. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून ती परत आली, की तो कागद ट्रंकेत दागिन्यांसारखा जपायचा! लघुवाद न्यायालयात तोच उपयोगी पडे.

मालकाला स्वतःसाठी जागा हवी असेल तर तेराव्या कलमात वाट होती. पण तिथेही कोर्टाने बघायचं, की अधिक हाल कोणाचे होतील.

मालकांची तक्रार खोटी नव्हती. १९४०च्या भाड्यात १९९०ची गळती कशी दुरुस्त करणार? डिसेंबर १९९७मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणभाड्याच्या तरतुदी आता अवाजवी झाल्याचं म्हटलं. पुढे १९९९चा कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. थकबाकीसाठी आधी ९० दिवसांची नोटीस आली, आणि समन्स मिळाल्यावर ९० दिवसांत व्याज-खर्चासह भाडं भरलं तर घर वाचू लागलं.

पण हे भाडेकरूंसाठी. आज तुमच्यापैकी जे ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहतात, ते कायद्याने भाडेकरूच नाहीत. त्यांना कलम २४ लागू: मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज, आणि घर सोडेपर्यंत दुप्पट रक्कम.