भिंतीला भिडलेली भिंत : उसाच्या लाल कुजीची शंभर वर्षे

जळोची आता बारामती शहराला जोडले गेलेले गाव. नीरा डाव्या कालव्याने या मुलखाचे रूप पालटले. ज्वारी-बाजरीच्या शेजारी ऊस उभा राहिला आणि पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे साखर कारखाने आले. पण शेतकरी ऊस बियाण्यापासून लावत नाही, टिपरीपासून लावतो. शेतातला प्रत्येक ऊस त्याच्या बेण्याची हुबेहूब प्रत असतो. म्हणून बेण्यात रोग असेल तर तो नांगरलेल्या नव्या रानातही सोबत येतो. उसाची पुष्कळ संकटे या एका गोष्टीतून उपजली.

त्यांपैकी सर्वांत गाजलेले संकट लाल कुजीचे. १८९३ मध्ये वेंट या डच शास्त्रज्ञाने जावा बेटावरच्या उसात ही बुरशी पाहून तिला नाव दिले. पुढे मद्रास इलाख्यात गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातील ऊस तिने उद्ध्वस्त केला, तेव्हा सी. ए. बार्बर यांनी सामलकोट येथे १९०२ च्या सुमारास प्रायोगिक शेती उभी केली. १९०६ मध्ये ई. जे. बटलर यांनी बंगालमधील उसाच्या बुरशीजन्य रोगांवर लिहिले. १९१२ मध्ये कोइमतूरला ऊस पैदास केंद्र निघाले. तेथे बार्बर आणि टी. एस. व्यंकटरामन यांनी गोड उसाचा संकर कांस या रानगवताशी घडवला. १९१८ मध्ये बाहेर आलेली ‘को २०५’ ही त्याचीच फलश्रुती. आपल्याकडे नीरेच्या खोऱ्यातच पाडेगाव येथे १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र सुरू झाले.

लाल कूज झालेला ऊस उभा चिरला की आतला गर लालसर दिसतो, मधूनमधून आडवे पांढरे पट्टे असतात आणि आंबूस वास येतो. ही लाली बुरशीची नव्हे. ती उसानेच बचावासाठी तयार केलेल्या रंगद्रव्यांची आहे. म्हणजे जखमेचा रंग हाच लढाईचा पुरावा.

ही लढाई दोन भिंतींची आहे. वनस्पतीपेशीची भिंत सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि पेक्टिनची, तर बुरशीची मुख्यतः कायटिन, ग्लुकन आणि प्रथिनांची. बुरशी विकरे सोडून पेक्टिन विरघळवते. वनस्पती त्या विकरांना अडवणारी प्रथिने पुढे करते आणि कायटिनेज सोडून बुरशीची भिंत पोखरते. त्यातून सुटलेले कायटिनचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकांना ‘शत्रू आला’ अशी सूचना देतात. काही बुरशा मात्र हेच तुकडे आधी गिळंकृत करणारी प्रथिने सोडून सूचना पोहोचूच देत नाहीत.

१९९९ मध्ये इटालियन संशोधकांनी प्लेन वृक्षाला वाळवणाऱ्या बुरशीतून एक लहान प्रथिन वेगळे केले. ते ‘सेरॅटो-प्लॅटॅनिन’. ते बुरशीच्या भिंतीतही आढळते. पुढील प्रयोगांत असे दिसले, की ते सेल्युलोज तोडत नाही, पण त्याची वीण सैल करते. वाढणाऱ्या पेशीची भिंत सैल करणारी ‘एक्स्पान्सिन’ प्रथिने वनस्पतीत १९९२ मध्ये सापडली होती. बुरशीचे हे प्रथिन तसेच वागते. घरधन्याचीच किल्ली चोराने घडवावी, तशातला हा प्रकार. परंतु त्याच प्रथिनाची चाहूल लागताच वनस्पतीचा बचावही जागा होतो. याच कुळातील प्रथिन कोइमतूरच्या अभ्यासकांना लाल कुजीच्या बुरशीतही आढळले आहे.

मग रोगप्रतिकारक जाती हरतात का? इतिहासाचे उत्तर ‘होय’ असे आहे. १९३८-३९ च्या सुमारास ‘को २१३’ ही जात उत्तर प्रदेश-बिहारच्या पट्ट्यात लाल कुजीने कोसळली. अलीकडे उत्तर प्रदेशातील बहुतांश ऊस व्यापणाऱ्या ‘को ०२३८’ चीही तीच गत झाली. महाराष्ट्राच्या कोरड्या हवेत लाल कूज तुलनेने कमी आढळते, पण चाबूक काणीने इथल्या ‘को ७४०’ ला बराच त्रास दिला. त्या काळापासून बेण्यावर गरम पाण्याची प्रक्रिया करण्याचा सल्ला दिला जातो.

आज आपल्या भागात ‘को ८६०३२’ चे राज्य फार मोठे आहे. ही जात चांगली आहे, म्हणूनच ती सगळीकडे आहे. पण हजारो एकरांतील उसाच्या पेशीभिंती एकाच नमुन्याच्या असल्या, की बुरशीला फक्त एकच कुलूप उघडायला शिकावे लागते. जळोचीच्या शिवारात बेणे निवडणारा शेतकरी त्या हंगामापुरता निर्णय घेत नसतो. शेजारच्या दोन बांधांवर वेगळ्या जाती असणे, हीच खरी तटबंदी.