बुद्धीची परीक्षा

शिष्यवृत्ती परीक्षेला बसणारे मूल ज्या घरात असते, त्या घराला ‘बुद्धिमत्ता चाचणी’ हा विषय चांगला ठाऊक असतो. गटात न बसणारे पद ओळखा, संख्यामालिका पूर्ण करा, आकृतीचे आरशातले प्रतिबिंब शोधा. मुले भराभर गोळे रंगवतात. निकाल लागला की हुशार कोण आणि ‘ढ’ कोण, हे गल्लीत ठरून जाते. आता असे पुष्कळ प्रश्न यंत्रही सोडवते. ते निबंध लिहिते, गणिते करून दाखवते, धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरेही देते. मग यंत्रच हुशार झाले असेल तर मुलांनी शिकायचे कशाला, असे पालक विचारू लागले आहेत. प्रश्न रास्त आहे. पण बुद्धी मोजण्याचा हा खटाटोप कुणी आणि कशासाठी सुरू केला, हे आधी पाहायला हवे.

त्याआधी थोडे शब्दांविषयी. कवी माणसाला ती खोडच असते. आपल्या मराठीत बुद्धीसाठी तीन घरचे शब्द आहेत. ‘बुद्धी’ संस्कृत ‘बुध्’ धातूपासून आली; त्याचा अर्थ जागे होणे, जाणणे. ‘हुशार’ फारसीतून आला. त्यात ‘होश’ आहे, म्हणजे भान. ‘अक्कल’ अरबीतून आली, आणि ज्या धातूपासून ती आली त्याच धातूपासून उंटाच्या पायाला बांधायच्या दाव्याचा शब्दही आला आहे. भरकटू पाहणाऱ्याला आवरते ती अक्कल. जाग, भान आणि आवर. तीन भाषांनी तीन वाटांनी येऊन सांगितलेल्या या अर्थांत ‘बरोबर उत्तर’ कुठेच नाही. मग उत्तर म्हणजेच बुद्धी, हे समीकरण आले कुठून?

ते आले एका चांगल्या हेतूच्या विपर्यासातून. फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचे झाले होते आणि सगळ्या थरांतली मुले शाळेत येऊ लागली होती. काही मुले मागे पडत. अशा मुलांचा विचार करण्यासाठी १९०४ मध्ये फ्रेंच सरकारने एक समिती नेमली. आल्फ्रेड बिने हे मानसशास्त्रज्ञ तिचे सदस्य होते. त्यांनी थेओदोर सिमों या डॉक्टरांच्या मदतीने १९०५ मध्ये तीस कृतींची एक चाचणी तयार केली. पहिली कृती अगदी सोपी, जळत्या काडीमागे नजर फिरवण्याची. पुढे आकडे ऐकून परत म्हणायचे, वस्तू ओळखायच्या, आणि शेवटी अमूर्त शब्दांतला फरक सांगायचा.

बिने यांचा हेतू साफ होता. कोणत्या मुलाला जास्त मदत लागेल, ते ओळखायचे. जन्मभराचा शिक्का मारण्यासाठी ही चाचणी नव्हती. मुलाची बुद्धी म्हणजे न बदलणारी ठराविक रक्कम, असे मानणाऱ्यांवर त्यांनी १९०९ च्या आपल्या पुस्तकात कडक टीका केली. मागे पडणाऱ्या मुलांचे लक्ष आणि स्मरण सुधारावे म्हणून त्यांनी व्यायाम सुचवले. ‘पुतळा’ म्हटले की जागच्या जागी स्तब्ध राहायचे, असा एक खेळही त्यांत होता. आधी शिकायचे कसे ते शिकवा, असे त्यांचे म्हणणे. १९११ मध्ये बिने वारले.

चाचणी मात्र अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेली होती. तिथे तिचा स्वभावच पालटला. १९१६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुइस टर्मन यांनी तिची सुधारित आवृत्ती काढली आणि बुद्ध्यांक हा शब्द घरोघर पोचला. पहिल्या महायुद्धात सतरा लाखांहून अधिक सैनिकांच्या बुद्धीची चाचणी घेतली गेली. बुद्धी उपजत असते, ती बदलत नाही, असे मानणाऱ्यांच्या हाती आकडा आला आणि आकड्याला कायद्याचे बळ मिळाले. व्हर्जिनिया राज्यात कॅरी बक नावाची एक गरीब तरुणी होती. चाचणीने तिचे मानसिक वय नऊ वर्षे ठरवले. तिच्यावर सक्तीने नसबंदी करायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये मान्यता दिली. शाळेत ती सर्वसाधारण विद्यार्थिनी होती, हे पुढे इतिहासकारांनी नोंदी काढून दाखवले. मदतीसाठी केलेल्या मोजपट्टीने एका बाईची कूस मिटवली.

आपल्याकडे १९३० च्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी बेतली. ‘बिने-कामत’ या नावाने ती ओळखली जाते. मूल कुठे अडते हे पाहून त्याला हात देण्यासाठी ती वापरली, तर ती बिने यांच्या मूळ हेतूशी इमान राखते. कागदावरच्या आकड्यावरून पोराला ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवले, की आपण दुसऱ्या वाटेला लागलो.

दुसरी प्रसिद्ध परीक्षा यंत्राची. इंग्रज गणिती ॲलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात एक निबंध लिहिला. ट्युरिंग यांचे वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते आणि आईवडील हिंदुस्थानात असताना मुले इंग्लंडमध्ये दुसऱ्यांच्या घरी वाढत होती. ‘यंत्र विचार करू शकते काय?’ हा प्रश्न फार मोघम आहे, असे म्हणून ट्युरिंग यांनी त्याच्या जागी एक खेळ मांडला. पडद्याआड एक माणूस आणि एक यंत्र. आपण टंकलिखित प्रश्न विचारायचे आणि उत्तरांवरून माणूस कोण, ते ओळखायचे. ओळखता आले नाही, तर यंत्राला बुद्धी आहे असे मानायला हरकत कोणती? हाही उत्तरांचाच खेळ झाला.

पण या निबंधाच्या शेवटच्या भागाकडे फार कमी जणांचे लक्ष जाते. प्रौढ माणसाचे मन एकदम घडवण्याऐवजी लहान मुलाचे मन घडवावे आणि मग त्याला शिकवावे, असे ट्युरिंग तिथे सुचवतात. म्हणजे बुद्धीचा विचार करता करता हा गणिती शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. यंत्राला हातपाय, डोळे नाहीत, या आक्षेपाला त्यांनी हेलन केलर यांचे उदाहरण दिले. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होत असेल, तर डोळे आणि कान नसतानाही शिक्षण होते, असा त्यांचा मुद्दा.

हे उदाहरण जरा जवळून पाहू या. हेलन केलर यांची दृष्टी आणि श्रवण बालपणीच्या आजारात गेले होते. १८८७ मध्ये ॲन सलिव्हन नावाच्या शिक्षिका त्यांच्या घरी आल्या. त्या मुलीच्या तळहातावर बोटांनी अक्षरे लिहीत आणि मुलगी ती बिनचूक गिरवून दाखवी. उत्तरे बरोबर होती, पण अर्थ लागलेला नव्हता. मग एके दिवशी सलिव्हनबाईंनी तिचा एक हात पंपाच्या पाण्याखाली धरला आणि दुसऱ्या हातावर ‘पाणी’ हा शब्द लिहिला. या वाहत्या, गार वस्तूला नाव आहे, हे मुलीला उमगले. तिने त्याच दिवशी दिसेल त्याचे, म्हणजे हाताला लागेल त्याचे, नाव विचारण्याचा सपाटा लावला. त्या दिवशी तिने एक बाहुली फोडली होती. फोडताना तिला काही वाटले नव्हते. घरात परतल्यावर ती तुकडे चाचपू लागली, जोडू पाहू लागली आणि तिचे डोळे भरून आले. पश्चात्ताप म्हणजे काय ते आपल्याला तेव्हा प्रथम कळले, असे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे.

मित्रहो, बुद्धी म्हणजे जागे होणे, या अर्थाचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही. जाग आली तशी जिज्ञासा आली आणि तिच्यापाठोपाठ दुःखही आले. पंपावर जाण्याआधी ती अक्षरे गिरवत होती तेव्हा परीक्षा घेतली असती, तर तिला पैकीच्या पैकी गुण पडले असते.

यंत्राचा पुढचा प्रवास वेगवान आहे. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ हा संभाषण करणारा प्रोग्रॅम लिहिला. तो समोरच्याचीच वाक्ये फिरवून प्रश्न करी, तरी लोक त्याच्यापाशी मन मोकळे करू लागले. स्वतः वायझेनबॉम चकित झाले. हिशेब यंत्राने करावा, पण निवाडा माणसाने, असे त्यांनी १९७६ मध्ये पुस्तक लिहून बजावले. १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ने बुद्धिबळात कास्पारोव्हना हरवले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ आले. त्यानंतर काही महिन्यांतच त्यामागच्या नव्या प्रारूपाने अमेरिकेतल्या वकिलीच्या परीक्षेत उत्तीर्ण होण्याइतके गुण मिळवल्याचे जाहीर झाले. अफाट मजकुरातून शब्दांमागून शब्द कसे येतात, हे ते शिकले आहे. ते उपयोगी आहे, त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

मात्र या यंत्राने आपल्या शाळांची एक जुनी दुखरी नस दाबली आहे. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करायचे, छापील निबंध उतरवायचे आणि त्यालाच शिक्षण म्हणायचे, हे यंत्र येण्याआधीपासून चालू आहे. मुलाला उत्तराचे यंत्र करायला आपण निघालो होतो. त्या शर्यतीत खरे यंत्र पुढे जाणारच. ज्या मुलांच्या घरी पुस्तक नाही, शिकवणी नाही, त्यांना शाळेतही केवळ पडद्यावरची उत्तरे मिळाली, तर नुकसान त्यांचेच सर्वांत मोठे होईल. त्यांच्या हातावर शब्द लिहिणारे दुसरे कुणी नाही.

म्हणून मुलाने यंत्राकडून उत्तर आणले तर रागावू नये. हे तुला पटते का, का पटते, कुणाचे नुकसान तर होत नाही ना, असे त्याला विचारावे, आणि ते बोलेपर्यंत धीराने थांबावे. एवढी सवड शिक्षकाला मिळावी, चाळीस मिनिटांच्या तासात ती बसावी, यासाठी शाळांनी आणि सरकारने काय ते करावे. मुलाचे बोलणे अडखळत येईल, पण ते त्याचे स्वतःचे असेल.