रंगव्यवस्थापन : पडद्यावरचा केशरी आणि कागदावरचा केशरी

रायपूरच्या पुरानी बस्तीतील महामाया मंदिरात चैत्र आणि आश्विन अशा दोन्ही नवरात्रांत भाविकांच्या नावे ज्योतिकलश प्रज्वलित केले जातात. या ज्योतींची छायाचित्रे संगणकाच्या पडद्यावर झळाळतात. मात्र तीच कागदावर उतरली की केशरी रंग विटकरीकडे झुकतो आणि झेंडूच्या माळा मळकट दिसू लागतात. दोष दर वेळी छायाचित्रकाराचा किंवा मुद्रकाचा असतोच असे नाही. प्रत्येक उपकरणाची रंगभाषा निराळी असते. त्या भाषांमध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या पद्धतीस रंगव्यवस्थापन म्हणतात.

पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग निर्माण करतो. ऑफसेट छपाईत सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी शाई कागदावरून परतणाऱ्या प्रकाशातील काही भाग शोषून घेते. त्यामुळे लाल 255, हिरवा 120, निळा 0 हे आकडे दोन पडद्यांवरही सारखे दिसतील याची हमी नसते. मानवी दृष्टीच्या मापनावर आधारलेली सामायिक मोजपट्टी 1931 मध्ये ठरली. तिच्याशी उपकरणांचे आकडे जोडणारी ‘प्रोफाइल’ नावाची वर्णनफाइल प्रमाणित करण्यासाठी 1993 मध्ये आठ कंपन्यांनी आंतरराष्ट्रीय रंग संघटना, म्हणजेच आयसीसी, स्थापन केली. ह्युलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 1996 मध्ये मांडलेली एसआरजीबी आणि 1998 ची अ‍ॅडोबी आरजीबी ही दोन रंगक्षेत्रे छायाचित्रणात विशेष प्रचलित आहेत. दुसरे अधिक विस्तृत असल्याने तेच श्रेष्ठ, असा समज आहे. परंतु प्रोफाइल न वाचणाऱ्या यंत्राकडे अशी फाइल गेल्यास चित्र निस्तेज दिसते.

खरी अडचण शाईच्या मर्यादेची आहे. तेजस्वी केशरी रंग चार शायांच्या आवाक्याबाहेर पडतो. अशा वेळी दोन मार्ग उरतात. ‘पर्सेप्च्युअल’ पद्धतीत चित्रातील सर्वच रंग प्रमाणात आकुंचित होतात. ज्योतीतील छटा टिकतात, पण एकूण चित्र किंचित मंदावते. ‘रिलेटिव्ह कलरीमेट्रिक’ पद्धतीत आवाक्यातील रंग जवळपास जसेच्या तसे राहतात आणि बाहेरचे सीमेवर आणून ठेवले जातात; त्यामुळे ज्योत एकसुरी ठिपका होण्याचा धोका असतो. ज्योतिकलशांच्या चित्रास सामान्यतः पहिली पद्धत मानवते. कोणती निवडावी हे ‘सॉफ्ट प्रूफ’ सुविधेने छपाईपूर्वी पडद्यावरच पाहता येते. अर्थात पडदा मापकयंत्राने जुळवलेला असेल तरच. त्याची प्रखरता साधारणतः प्रति चौरस मीटर 80 ते 120 कँडेला ठेवतात. अतिप्रखर पडद्यावर सुधारलेले चित्र कागदावर हमखास काळवंडते.

स्टुडिओतील लेझर मिनीलॅब मात्र शाई वापरत नाही. ती प्रकाशसंवेदी कागदावर प्रकाशाने चित्र उमटवते. तिला सामान्यतः एसआरजीबी फाइल द्यावी. ऑफसेटसाठी चार शायांत रूपांतरित केलेली फाइल येथे दिल्यास रंग विनाकारण गमावले जातात. लग्नाच्या अल्बमात शालूचा रंग बदलला, तर त्यासाठी सोहळा पुन्हा होत नाही. म्हणून मोठ्या मागणीपूर्वी एक नमुनाप्रत काढून ती 5000 केल्व्हिन प्रकाशात तपासणे इष्ट. ट्यूबलाइटखाली पसंत पडलेला रंग दिवसाच्या उजेडात निराळा भासू शकतो.

घरातील जुन्या, विटलेल्या छायाचित्रांचे स्कॅन करतानाही प्रोफाइल फाइलमध्येच समाविष्ट करावे. ते नसल्यास पुढील संगणकाला त्या आकड्यांमागील रंग केवळ अंदाजानेच ठरवावा लागतो.