काचेखालची कोवळी रोपे

पेरणी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर मोकळे शेत उभे राहते. परंतु थंड देशांत कित्येक भाज्यांचे बालपण शेतात जातच नाही. ते घरात, काचेखाली किंवा ऊब दिलेल्या वाफ्यात जाते. टोमॅटो, मिरची, वांगे ही उष्ण प्रदेशांची लेकरे. गोठवणारी थंडी त्यांना एक रात्रही सोसवत नाही. आणि ती पुरती सरल्यावर बी पेरावे, तर फळे पिकण्याआधीच पुढचा हिवाळा दाराशी येतो. म्हणून सहा ते आठ आठवडे आधी आत रोप तयार करायचे आणि ऋतू पालटला की बाहेर लावायचे, असा मार्ग माणसाने शोधला. त्याचा इतिहास पाहिला, तर सम्राटाच्या ताटातला घास सामान्यांच्या ताटात कसा आला, हे उलगडत जाते.

प्रभू येशूचे सार्वजनिक कार्य ज्याच्या कारकिर्दीत घडले, त्या तिबिर्य कैसराला (राज्यकाल इ. स. 14 ते 37) काकडी रोज ताटात लागे. ते फळ बहुधा खरबुजाच्या जातीचे असावे, असे आजचे अभ्यासक मानतात. प्लिनी सांगतो, की कैसराच्या माळ्यांनी चाकांवरचे वाफे केले होते. ऊन पडले की ते बाहेर ढकलीत आणि थंडी वाढली की पारदर्शक दगडाच्या पातळ तावदानांखाली घेत. त्याच शतकातील कोलुमेला हा शेतीचा जाणकार टोपलीत खतमाती भरून बी लावण्याची रीत देतो. एका माणसाच्या हौसेसाठी अनेकांचे हात राबत होते.

सतराव्या शतकात हीच हौस फ्रान्सच्या चौदाव्या लुईला होती. ज्याँ-बाप्तिस्त द ला कँतिनी हा मूळचा वकिलीचा अभ्यास केलेला गृहस्थ. त्याने 1678 ते 1683 या काळात व्हर्सायच्या पाणथळ जमिनीवर राजाची भाजीबाग उभी केली. ऐन हिवाळ्यात शतावरीचे कोंब आणि मार्चअखेर स्ट्रॉबेरी राजाच्या मेजावर येऊ लागली. ती बाग आजही जतन केलेली आहे.

या किमयेचे गुपित मात्र राजेशाही नव्हते. ते तबेल्यात होते. घोड्याची ताजी लीद आणि पेंढा यांचा जाड थर दिला, की सूक्ष्म जीवांच्या क्रियेने तो आतून तापतो. पहिले काही दिवस ही धग इतकी तीव्र असते, की बी शिजून जावे. माळी हात घालून अंदाज घेतो, धग उतरू देतो आणि मगच वर माती पसरून बी टाकतो. खालून ऊब, वरून काच. फार झाकले तर रोप गुदमरते आणि बुरशीने बुडाशी कुजते; उजेड कमी पडला तर ते लांबट आणि दुबळे होते. शेवटी बाहेर लावण्यापूर्वी आठदहा दिवस त्याला रोज थोडा थोडा वारा आणि ऊन दाखवून काटक करावे लागते. लेकरू वाढवणाऱ्या आईला हे वेगळे सांगायला नको.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या वेशीवरील भाजीवाल्यांनी ही विद्या बाजारात आणली. शहरातल्या हजारो घोड्यांची लीद त्यांच्या वाफ्यांत येई आणि त्याच वाफ्यांतली भाजी शहराकडे परत जाई. रोपांवर काचेच्या घंटा पालथ्या घालायच्या, रात्री गवताच्या चटया पांघरायच्या, पहाटे त्या काढायच्या, असा त्यांचा क्रम होता. पुढे मोटारी आल्या, घोडे गेले आणि त्या वाफ्यांची ऊबही गेली.

इंग्लंडमध्ये काचेवर 1746 पासून कर होता. तो 1845 मध्ये उठला आणि काच स्वस्त झाली. त्यानंतर काचघर हे केवळ उमरावांचे वैभव राहिले नाही.

तरीही रोपे कोलमडून मरण्याचे दुखणे उरलेच होते. लंडनजवळच्या जॉन इनेस संस्थेत विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी 1930 च्या दशकात त्यावर चिकाटीने प्रयोग केले. वाफेने निर्जंतुक केलेली माती दोन भाग, पीट एक भाग, वाळू एक भाग आणि थोडे सुपरफॉस्फेट व खडूची पूड, असे बियांसाठीचे मिश्रण त्यांनी ठरवले. विशेष म्हणजे संस्थेने हे प्रमाण विकले नाही, सर्वांसाठी खुले केले. दुसऱ्या महायुद्धात अन्न टंचाईचे झाले, तेव्हा परसात भाजी पिकवणाऱ्या साध्या कुटुंबांना या ज्ञानाचा आधार मिळाला.

आपल्याकडे गोठवणाऱ्या थंडीचे भय नाही. भय आहे ते कडक उन्हाचे, धो धो पावसाचे आणि रोग पसरवणाऱ्या किडींचे. गादीवाफ्यावर वांगी-मिरचीची रोपे करण्याची आपली रीत जुनीच. आता प्लास्टिकच्या ट्रेमध्ये नारळाच्या काथ्याचा भुसा भरून, जाळीच्या आडोशाला टोमॅटोची रोपे तयार होतात. साधने बदलली, प्रश्न तोच राहिला: कोवळ्या जिवाला किती झाकायचे आणि केव्हा उघडे करायचे?

कैसराच्या चाकांच्या वाफ्यापासून खिडकीतल्या लहानशा कुंडीपर्यंतचा हा प्रवास एक गोष्ट शिकवून जातो. राजांनी या विद्येला आश्रय दिला, हे खरे. पण ती वाढवली लिदीत हात घालणाऱ्या माळ्यांनी, आणि ती सर्वांची झाली ती ज्यांनी आपले ज्ञान मुठीत धरून ठेवले नाही त्यांच्यामुळे. मूठ उघडल्याशिवाय पेरणी होत नाही, हे बियांइतकेच ज्ञानालाही लागू आहे.