घाट चढवणारे लोक : कसारा घाटापासून घोटीच्या भातगिरणीपर्यंत

१/ मुंबईहून नाशिककडे येणारी गाडी कसारा स्थानकात थांबली की तिच्या मागे आणखी इंजिने जोडली जातात. घाट संपला की इगतपुरीत ती सुटतात आणि गाडी घोटीकडे मार्गस्थ होते. या काही मिनिटांच्या क्रियेत यंत्र अभियांत्रिकी या व्यवसायाचा दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास सामावलेला आहे.

२/ भोर घाटाचा लोहमार्ग १४ मे १८६३ रोजी खुला झाला आणि थळ घाटाचा, म्हणजे आजच्या कसारा घाटाचा, १ जानेवारी १८६५ रोजी. दोन्ही आखण्या जी.आय.पी. रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या. मात्र ते १८६२ मध्येच निवर्तले. बोगदे आणि एहेगावचा १८२ फूट उंचीचा पूल यांची कीर्ती झाली. ही स्थापत्य अभियंत्यांची कामगिरी होय.

३/ परंतु रूळ टाकल्याने गाडी घाट चढत नाही. कसारा ते इगतपुरी या सुमारे १४ किलोमीटरांत मार्ग जवळजवळ ३०० मीटर वर जातो. चढ ३७ स एक, म्हणजे ३७ फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. सपाटीवर हजार टनांची गाडी सहज ओढणाऱ्या इंजिनाला येथे केवळ चढासाठी सुमारे २७ टनांची जादा ओढ लावावी लागते.

४/ शक्ती वाढवून हा प्रश्न सुटत नाही. पोलादी चाक पोलादी रुळावर घसरते, आणि इगतपुरीच्या पावसात तर अधिकच. म्हणून रुळावर वाळू सोडण्याची युक्ती आली आणि मागून ढकलणारे इंजिन, म्हणजे ‘बँकर’, आले. मागून रेटा मिळाल्याने डब्यांना जोडणाऱ्या कड्यांवरचा ताणही कमी होतो. भार किती, घर्षण किती, कडी कुठे तुटेल, हे आधी ताडणे हाच या व्यवसायाचा गाभा.

५/ चढण्याहून उतरणे अवघड. आरंभीच्या काळात साऱ्या गाडीला एकाच वेळी लागणारा ब्रेक नव्हता. इंजिनावर आणि ब्रेकच्या डब्यांत हाताने आवळायचे ब्रेक असत. म्हणून घाटात ‘कॅच सायडिंग’ बांधले गेले : उतारावरून सुटलेली गाडी चढावर वळवून थोपवणारा आडमार्ग. खाली जाणारी गाडी त्याच्या अलीकडे थांबून ब्रेक सिद्ध करते. त्यानंतरच सांधा मुख्य मार्गाला लागतो. यंत्र बिघडेल हे गृहीत धरून आखणी करणे, हा या व्यवसायाचा दुसरा धडा.

६/ हे काम करीत कोण होते? एकोणिसाव्या शतकात इंजिनचालक आणि फोरमन बहुतेक युरोपीय वा अँग्लो-इंडियन असत. भट्टीत कोळसा टाकणारे, कारखान्यात घण चालवणारे हात मात्र येथलेच. यंत्र हाताळण्याची मुभा होती. त्याचा आराखडा काढण्याचा अधिकार नव्हता.

७/ ही दरी शिक्षणाने बुजू लागली. १८५४ मध्ये पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग आणि यंत्रशाळा सुरू झाली. तिचेच पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. तेथे यंत्रचित्रण शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना डावलून बढती एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला मिळाली. त्यांनी नोकरी सोडली आणि पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभारली.

८/ रेल्वेतही दार हळूहळू उघडले. १८९५ मध्ये अजमेरच्या कारखान्यात भारतात बांधलेले पहिले वाफेचे इंजिन तयार झाले. १९२७ मध्ये जमालपूर येथे ‘स्पेशल क्लास अप्रेंटिस’ योजना सुरू झाली. तिने भारतीय तरुणांना यंत्र विभागाच्या अधिकारपदाचा मार्ग दिला. तो मार्गही कारखान्यातूनच जात असे.

९/ त्याच सुमारास घाटातून वाफ हटू लागली. १९३० पर्यंत विजेची तार इगतपुरीला पोहोचली. १९२८ पासून आलेली ४१ विद्युत इंजिने मध्यभागी सांध्याने वाकत. जगात त्या घडणीला ‘मगर’ म्हणत. मराठी माणसाने मात्र त्यांच्या आवाजावरून व बाजूच्या हलत्या दांड्यांवरून नाव ठेवले ‘खेकडा’. त्यांपैकी ‘सर लेस्ली विल्सन’ आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे.

१०/ घोटी ही तर भाताची पेठ. येथल्या भातगिरणीत दोन रबरी रोलर वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि त्यांच्यातून जाताना भाताचे तूस सुटते. अंतर जास्त ठेवले तर भात तसाच बाहेर पडतो, कमी ठेवले तर दाणा फुटून कणी होते. घाटातले चाक आणि गिरणीतला रोलर यांचे शास्त्र एकच : घर्षण. एका ठिकाणी ते रूळ धरते, दुसऱ्या ठिकाणी तूस सोलते.

११/ आज घोटीच्या परिसरातील तरुणासमोर वाटा अनेक आहेत : आयटीआयतून फिटर वा टर्नर, पदविका, पदवी. इगतपुरीत महिंद्रचा इंजिनांचा कारखाना आहे, ओझरला १९६४ पासून विमानांचा. कामेही वेगवेगळी : संरचना, उत्पादन, गुणवत्ता, देखभाल. पैकी देखभालीला मान कमी मिळतो. पण घाटातली प्रत्येक सुरक्षित गाडी प्रथम तिचीच ऋणी असते.

१२/ सहाव्या मुद्द्यातील दरी आता वर्णाची राहिलेली नाही. परंतु आराखडा काढणारा आणि पाना चालवणारा यांच्यात ती अजूनही पडू शकते. घाटाचा इतिहास सांगतो की ज्याला दोन्ही येते, तोच खरा यंत्र अभियंता. पुढच्या प्रवासात कसाऱ्याला गाडी थांबली की खिडकीतून मागे पाहावे. तेथे इंजिन जोडले जात असते.

#इतिहास #कसारा_घाट #घोटी