सामरीचा रबरी चेहरा

‘पुराना मंदिर’ हा चांगला सिनेमा आहे असं म्हणायची माझी हिंमत नाही, घरचेच लोक हसतील. पण आमच्या अल्लीपुरात माझ्या वयाच्या कुणासमोर नुसतं ‘सामरी’ म्हणून बघा. पन्नाशीतला माणूस एकदम दहा वर्षांचा होतो. असली ओळख भल्याभल्या पारितोषिकवाल्या सिनेमांच्या नशिबी नाही. त्यामुळे हे प्रकरण काय आहे ते जरा नीट बघावं म्हटलं.

रामसे हे आडनाव इंग्रजी वाटतं, पण मंडळी सिंधी, मूळचे रामसिंघानी. वडील फतेहचंद यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं आणि गोऱ्या गिऱ्हाइकांच्या जिभेच्या सोयीने नावाचं ‘रामसे’ झालं. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आलं, लॅमिंग्टन रोडला दुकान काढलं, आणि वडिलांना सिनेमाचं वेड लागलं. (सात मुलांच्या बापाला परवडणारं वेड नव्हे हे!) १९७० साली त्यांनी काढलेला ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ आपटला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा चढवून चोरी करतात असा एक प्रसंग होता, आणि लोक तेवढ्यासाठी येतात हे मुलांनी थिएटरात बसून हेरलं. बाकीचा सिनेमा टाकून नुसता मुखवटाच का करू नये?

मग सगळं घरच्या घरी. तुलसी आणि श्याम दिग्दर्शक, कुमार लेखक, गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजाला, अर्जुन एडिटिंगला, केशू निर्मितीकडे. १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ त्यांनी महाबळेश्वरला केला. सेट नाही, बडे नट नाहीत, बस भरून माणसं न्यायची आणि गेस्ट हाऊसमध्ये राहायचं. साडेतीन लाख रुपये आणि चाळीस दिवस, असं ते भाऊ सांगत. आपल्याकडे लग्नाचं वऱ्हाड जातं ना, अगदी तसंच.

‘पुराना मंदिर’ १९८४ चा. आमच्याकडे तो पोचला व्हिडिओवर. वर्गणी काढून हिंगणघाटहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा, एका रात्रीत तीन पिक्चर, भुताचा नेहमी मधला. थंडीचे दिवस, बसायला बारदाना, एकीकडे बाया, एकीकडे बाप्ये, पोट्टे टीव्हीला नाक लावून. सर्टिफिकेट ‘ए’ होतं, पण ते वाचणार कोण? आणि नेमकी सामरीचं धड उठायच्या वेळेला लाईन जायची. त्या अंधारात जी किंकाळी उठायची ना, तिच्यापुढे सिनेमातली किंकाळी काहीच नाही. मग कुणीतरी खोकायचं, कुणीतरी हसायचं, आणि सगळा चौक हसायचा.

हे हसणं मला महत्त्वाचं वाटतं. सामरीचा मेकअप कळत होता. हिरवा-लाल उजेड दिव्यापुढे रंगीत कागद धरून पाडलाय हेसुद्धा कळत होतं. धूर कुठल्या कोपऱ्यातून सोडलाय ते आम्ही बोट दाखवून सांगायचो. तरी भ्यायचो. पैसा कमी पडल्यामुळे करणाऱ्याचा हात दिसत होता, आणि हात दिसत होता म्हणून आम्ही मनसोक्त भिऊ शकत होतो.

गोष्टही आमच्या ओळखीची होती. दोनशे वर्षांपूर्वीच्या राजाने सामरीचं मुंडकं उडवलं, मरताना त्याने शाप दिला, आणि त्या घराण्यातल्या बाया बाळंतपणात मरू लागल्या. पूर्वजांनी केलेलं लेकीसुनांनी फेडायचं. आमचा वर्धा जिल्हा मालगुजारीचा. १९५१ साली मालगुजारी कायद्याने गेली, पण वाडे उभेच होते. अर्धे पडलेले, वटवाघळांचे. त्या वाड्यात पूर्वी काय काय झालं, हे म्हातारी माणसं आवाज खाली आणून सांगायची. पडद्यावरची हवेली बघताना आम्हाला वेगळी कल्पना करावीच लागत नव्हती.

आता यावर आमच्या एका मामांचा आक्षेप असायचा, आणि तो खरा होता: त्रिशूळ, शाप, मंत्र दाखवून लोकांना आणखी अडाणी करतात हे. मामा अंधश्रद्धा निर्मूलनाच्या सभांना जायचे. पण मला आठवते ती आमच्या मोहल्ल्यातली एक एकटी बाई. ती करणी करते असं लोक म्हणायचे. तिच्या अंगणातून आम्हाला जाऊ देत नसत, तिने दिलेला बोर खाऊ देत नसत. ती आल्यावर पिक्चरच्या रात्रीसुद्धा बारदान्यावर तिच्याभोवती जागा रिकामी व्हायची. ज्या बाया सामरीला बघून खदाखदा हसायच्या, त्याच तिच्याकडे बघून पदर सावरायच्या. तिला मुखवटा नव्हता, म्हणून तिच्यावर कुणी हसू शकत नव्हतं. तिला ही भीती सामरीने आणून दिली नव्हती. ती व्हीसीआरच्या कितीतरी आधीची. असं कुणाला चेटकीण ठरवणं आपल्या राज्यात गुन्हा झाला तो २०१३ साली, डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर. तोवर ती बाई कधीच गेली होती.

असो. रामसेंनी १९९३ पासून ‘झी हॉरर शो’ केला, भुतं घराघरात आली आणि चौकातली गर्दी संपली. तुलसी २०१८ मध्ये गेले, श्याम २०१९ मध्ये.

आणि सामरी झालेला तो नट, अनिरुद्ध अग्रवाल. रुरकीला शिकलेला इंजिनिअर, ताडमाड उंच. १९९४ च्या ‘बॅंडिट क्वीन’मध्ये तो पुन्हा दिसला, डाकू बाबू गुज्जर म्हणून. फूलनवर अत्याचार करणारा. चेहऱ्यावर रबर नाही, हिरवा उजेड नाही, भर दिवसाचं ऊन. आम्ही चौघे मित्र ‘अरे सामरी!’ म्हणून ओरडणार होतो. कुणीच ओरडलं नाही.